शेतांतील प्रयोग कसा करावा?

नवें खत घातलें व कापूस वाढला, एवढ्यावरून ती वाढ खताचीच असें सिद्ध होत नाहीं. शहाद्याकडील गोमाई व तापीकांठच्या काळ्या जमिनींतहि एकाच शेतांत मातीची खोली व ओल निरनिराळी असते. पाऊसहि दरसाल सारखा नसतो. म्हणून गतवर्षाशीं केलेली तुलना निर्णायक नव्हे.

शेतांत दोन-दोन गुंठ्यांच्या शेजारशेजारच्या तुकड्यांच्या चार जोड्या आंखाव्या. जोडींतील कोणत्या तुकड्यास खत द्यावयाचें तें चिठ्ठी टाकून ठरवावें. आपण निवडल्यास चांगली जमीन नकळत खताच्या वांट्यास जाते. बियाणें, पेरणी, कोळपणी, पाणी सर्व सारखें ठेवावें व प्रत्येक तुकड्याच्या वेंचणीचें वजन निराळें टिपावें.

इंग्लंडांत रॉथॅमस्टेड येथें १८४३ पासून चाललेल्या गव्हाच्या प्रयोगांत बिनखताचा पट्टा मुद्दाम राखला आहे. तेथेंच रोनाल्ड फिशर यांनीं १९२० च्या दशकांत चिठ्ठीच्या तत्त्वास शास्त्रीय रूप दिलें.

चारहि जोड्यांत खताचा तुकडा सरस ठरला, तरी खतांत गुण नसतांहि केवळ योगायोगानें सोळांत एकदां असें घडतें. यास्तव पुढील हंगामीं प्रयोग पुन्हां करावा. जादा कापसाची किंमत खताच्या खर्चाहून अधिक भरेल, तरच सर्व शेतास तें खत घालावें.