टोमॅटोवरील विषाणुजन्य रोग व त्यांचा प्रतिबंध

टोमॅटो, ज्यास नागपूर व वऱ्हाडकडील भागात भेदरे म्हणतात, हे थोड्या अवधीत रोख पैसा देणारे पीक आहे. परंतु उष्ण हवामानात त्यास विषाणुजन्य रोगांचा मोठा धोका असतो. विषाणू एकदा रोपाच्या अंगी भिनला म्हणजे त्याचा नाश करणारे औषध नाही. म्हणून येथे प्रतिबंध हाच खरा उपाय होय.

रोगांची ओळख

१. बोकड्या : पाने आखडून वर वळतात व पिवळसर होतात, पेरी आखूड राहून झाड खुजे व झुडपासारखे दिसते. भारतातील या रोगाची शास्त्रीय नोंद १९४८ साली प्रसिद्ध झाली. त्याचा प्रसार पांढरी माशी करते. लागवडीनंतर पहिल्या महिन्यात रोग आल्यास फळधारणा जवळजवळ होतच नाही.

२. शेंडेमर : कोवळ्या पानांवर तांबूस-काळसर ठिपके पडून शेंडा जळतो; फळांवर वर्तुळाकार डाग उमटतात. हा विषाणू भुईमुगावरही येतो. प्रसार फुलकिडे करतात.

३. काकडीवरील केवडा : पाने दोरीसारखी अरुंद होतात. २०२० च्या उन्हाळ्यात पुणे, नाशिक, सातारा व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत फळांचा रंग बिघडून नुकसान झाले, तेव्हा नमुन्यांत हा विषाणू आढळला. मावा क्षणभर रस शोषूनही तो पसरवितो. त्यामुळे केवळ कीटकनाशकावर विसंबून चालत नाही.

नागपूरकडील विशेष अडचण

पांढरी माशी कपाशीवरही वाढते. कपाशी वाळू लागताच ती शेजारच्या कोवळ्या टोमॅटोकडे वळते. जुन्या रोगट झाडांवरून ती विषाणू नव्या रोपांवर नेते.

उपाय

१. रोपे ४० ते ५० मेशच्या नायलॉन जाळीखाली वाढवावीत.
२. कपाशी किंवा जुन्या टोमॅटोलगत लागवड टाळावी.
३. लागवडीपूर्वी शेताभोवती मक्याच्या दोन-तीन ओळी पेराव्यात.
४. पिवळे चिकट सापळे लावून माशीवर लक्ष ठेवावे.
५. बोकड्यास प्रतिकारक वाण, उदाहरणार्थ अर्का रक्षक, निवडावा.
६. रोगट रोपे दिसताच उपटून जाळावीत. तणे व आपोआप उगवलेली रोपे काढावीत.

कीटकनाशकाची निवड कृषी सहाय्यकांच्या सल्ल्यानेच करावी. एक रोगट रोप राखण्याचा मोह शेजारच्या शंभर रोपांस महाग पडतो, हे शेतकरी बंधूंनी ध्यानी ठेवावे.