मापाचीही पारख

दुकानदाराची वजनमापे ठरावीक मुदतीने पडताळून त्यांवर शिक्का मारला जातो. संगणकाच्या आज्ञावलीत कोणते फंक्शन किती वेळ घेते, हे मोजणारा प्रोफाइलर हेही एक मापच होय. डोनाल्ड नथ यांनी १९७१ साली फोरट्रान आज्ञावली अभ्यासून दाखवले, की सामान्यतः ४ टक्क्यांहून कमी भाग निम्म्याहून अधिक वेळ घेतो. तो भाग शोधणारे मापच खोटे असेल, तर सुधारणेचे श्रम भलत्या जागी खर्ची पडतात. म्हणून छोट्या प्रोफाइलर लायब्ररीलाही आपण स्वयंचलित चाचण्या जोडाव्यात.

अडचण अशी, की प्रत्यक्ष वेळ दर खेपेस थोडा बदलतो. त्यावर बेतलेली चाचणी आज उत्तीर्ण, तर उद्या अनुत्तीर्ण होते. उपाय सोपा आहे. लायब्ररीने घड्याळ बाहेरून स्वीकारावे. चाचणीत आपण कृत्रिम घड्याळ देऊन ते नेमके ५ सेकंद पुढे सरकवतो. अहवालातही ५ च यावेत.

तीन प्रसंग मात्र वगळू नयेत. फंक्शन त्रुटीमुळे मध्येच थांबले, तरी त्याची मोजणी पूर्ण व्हावी व त्रुटी दडपली जाऊ नये. फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावले, तर एकूण वेळेत तोच काळ दोनदा धरला जाऊ नये. मोजणी चालू असो वा बंद, फंक्शनचे उत्तर तेच राहावे. प्रत्येक बदलानंतर या चाचण्या आपोआप चालल्या, तरच त्या मापावर आपला शिक्का उमटला असे म्हणता येईल.