कुशल कारागिराची पारख

धान्याच्या व्यापारात वरवरचा दाणा पाहून कोणी सौदा करीत नाही. परखी पोत्याच्या तळापर्यंत घालून वानगी काढावी लागते. कारागिराची निवडही अशाच रीतीने करावी, हा धडा मला उशिरा मिळाला. तो व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडावा, म्हणून येथे देत आहे.

माझ्या पुतण्याचे दोन्ही पाय अपघातात निकामी झाले. दुकानी व वसुलीस स्वतःच मोटार चालवीत जावे, ही त्याची इच्छा. क्लच नसलेली, गिअर आपोआप बदलणारी मोटार घेतली. राहिली ब्रेक व ॲक्सिलरेटर ही दोन पेडले. ती हाताने चालविण्यास एक दांडा हवा : पुढे ढकलला की ब्रेक लागावा, मागे ओढला की वेग वाढावा. एकाएकी थांबताना देह पुढे झुकतो. म्हणून ब्रेक ढकलण्यानेच लागणे इष्ट.

पहिला कारागीर म्हणाला, "हो जाता सेठ, फिकर नक्को." त्याने माप घेतले नाही, पुतण्यास आसनावर बसविलेही नाही. स्वस्तात काम झाले म्हणून मी संतोष मानला. वाड्यात चाचणी घेताना पुतण्याने जोराने दांडा ढकलला, तो मध्येच वाकला आणि ब्रेक अर्धाच लागला. हे भर रस्त्यात घडते, तर केवढ्यास पडले असते!

हैदराबादेत हुन्नराची वाण नाही. बाळानगरात लेथचे लहानमोठे कारखाने आहेत. यंत्र-अवजारांचे शिक्षण देणारी केंद्रीय संस्थाही १९६८ पासून तेथेच आहे. बहादूरपुऱ्यात श्री. सुधाकर यांनी २०१० साली उघडलेल्या संग्रहालयात वांग्याच्या व बॅटच्या आकाराच्या चालत्या मोटारी आहेत. तेव्हा प्रश्न हुन्नराचा नसून पारखीचा आहे. ती अशी करावी :

१. जो आधी प्रश्न विचारतो, तो निवडावा. दुसऱ्या कारागिराने पुतण्यास आसनावर बसवून हाताची पोच, गुडघा व सुकाणूचक्र यांतील अंतर मोजले.

२. जो नकार देऊ शकतो, त्यावर विश्वास ठेवावा. ब्रेकच्या पेडलावर वेल्डिंग करण्यास त्याने साफ नकार दिला. तापाने लोखंडाचा गुण बिघडतो. त्याने पोलादी नळीचा दांडा घेऊन तो पकडीने व बोल्टने बसविला. नळी सहसा वाकत नाही, आणि इतरांस पायाने गाडी चालविता येते.

३. हातघाई करू नये. प्रथम उभ्या गाडीत, मग मोकळ्या मैदानात चाचणी घ्यावी. नट दर महिन्यास तपासावेत.

४. कायदा पाळावा. मोटारीत असा बदल करण्यास परिवहन कार्यालयाची संमती लागते. २०१९ च्या दुरुस्तीने अशा मोटारीस कायद्यात स्वतंत्र व्याख्या मिळाली आहे.

१९६८ साली साकारलेल्या जयपूर पायामागेही डॉ. प्रमोद करण सेठी यांची विद्या व रामचंद्र शर्मा या कारागिराचा हात होता. वापरणाऱ्याची गरज जाणून काम केले म्हणून तो पाय चालला.

आज पुतण्या स्वतः मोटार घेऊन दुकानी येतो. स्वस्त दांड्याचा वाकलेला तुकडा मी गादीजवळ ठेवला आहे. कोणी 'लगेच करून देतो' म्हणाला की मी त्याकडे पाहतो.