हायब्रिड घ्यायचीय, सेडान की एसयूव्ही?

प्रश्न : प्लग-इन हायब्रिड घ्यायचा विचार आहे. सेडान बरी की एसयूव्ही? राजारामपुरीत राहतो, घरी चौघं. अधूनमधून गगनबावड्यावरून कोकणात गावी जाणं असतं. बजेट वीस-बावीस लाख.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : प्लग लावून चार्ज करायची हायब्रिड या पैशांत आपल्याकडे मिळत नाही. आजवर आल्या त्या बहुतेक आलिशान परदेशी गाड्या. मिळते ती स्ट्राँग हायब्रिड; तिची बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक दाबताना भरते. म्हणजे तुलना होंडा सिटी हायब्रिडसारखी सेडान आणि ग्रँड विटारा किंवा हायरायडरसारखी एसयूव्ही यांत.

मायलेजवर अडू नका, कंपन्यांचे आकडे दोन्हीकडे २७च्या आसपास आहेत. खरा फरक गाडीच्या पोटाखाली. सिटीचा ग्राउंड क्लीअरन्स १६५ मिमी, विटाराचा २१०. पावसाळ्यानंतरचा घाटरस्ता आणि गावची पाणंद आठवा, मी एसयूव्हीच म्हणेन. पुणे-मुंबईच जास्त असतं, तर चार सिलिंडरची सिटी सुचवली असती.

गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना गिअर ‘बी’वर टाका. मोटर आणि इंजिन गाडी रोखायला मदत करतात, बॅटरी भरते, ब्रेक कमी तापतात. डिकी मात्र दोन्हींत बॅटरीनं खाल्लेली. साध्या सिटीत ५०६ लिटर, हायब्रिडमध्ये ३०६. तांदळाचं पोतं मावेल, वर फणस ठेवायचा तर भांडण!

आणि उंच गाडी आहे म्हणून पुराच्या पाण्यात घालू नका. २०१९ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, तेव्हा ट्रकही थांबले होते.

ट्रायल कावळा नाक्यापर्यंतची नको. चौघांना बसवून पन्हाळा चढवून बघा.