शब्दांचे आगमन आणि क्रियापदांचे निर्गमन

भाषेत नवा शब्द येतो तो एकटा येत नाही. त्याच्या मागे एखादी वस्तू, एखादा व्यवहार अथवा राहणीतील एखादा पालट उभा असतो. म्हणूनच शब्दांच्या देवघेवीचा अभ्यास हा पर्यायाने जीवनपद्धतीचा अभ्यास ठरतो. इंग्रजीने आपल्याकडून काय घेतले आणि मराठीने इंग्रजीकडून काय घेतले, हे शेजारी ठेवून पाहिले असता मराठीविषयी एक प्रश्न उपस्थित होतो. त्याचाच विचार येथे करावयाचा आहे.

‘शांपू’ हा शब्द घेऊ. हिंदीतील ‘चाँपना’ या क्रियापदाच्या आज्ञार्थी रूपावरून तो अठराव्या शतकात इंग्रजीत गेला. त्याचा मूळ अर्थ अंग चेपणे, रगडणे. पाटण्याचे शेख दीन महंमद यांनी इंग्लंडमधील ब्रायटन येथे वाफेच्या स्नानगृहात हा मर्दनाचा व्यवसाय केला आणि १८२२ साली त्यावर इंग्रजीत पुस्तकही लिहिले. पुढे स्नानाच्या सवयी पालटल्या, तसा शब्दाचा अर्थही अंगावरून केसांवर सरकला. इंग्रजीने हा शब्द क्रियापद म्हणून घेतला व क्रियापद म्हणूनच चालविला. ‘लूट’ या नामाचेही तिने क्रियापद केले. मराठी ‘मुंगूस’ तिकडे गेला, तेव्हा त्याला अनेकवचनही इंग्रजी वळणाचेच मिळाले. परका शब्द आपल्या व्याकरणात बसविणे म्हणजे तो पचविणे होय.

मराठीलाही ही पचनशक्ती नवी नाही. पोर्तुगिजांकडून आलेला ‘बटाटा’ पुल्लिंगी झाला, ‘चावी’ स्त्रीलिंगी झाली, ‘घमेले’ नपुंसकलिंगी झाले. आणि या शब्दांना ‘बटाट्याचा’, ‘चाव्या’, ‘घमेल्यात’ अशी अस्सल मराठी रूपे लाभली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू झाली. या नव्या प्रवासाबरोबर ‘तिकीट’ आणि ‘स्टेशन’ उसने आले, तर ‘आगगाडी’ हा शब्द मराठीने घरीच घडविला. फारसी-अरबीच्या संपर्कातून तर मराठीने क्रियापदेही घडविली: बदलणे, खर्चणे, फर्मावणे, आजमावणे. आज ती परकी होती असे कोणास वाटतही नाही.

इंग्रजी शब्दांच्या बाबतीत मात्र आपण नामे पचवितो, क्रियापदे पचवीत नाही. ‘टेबलावर’, ‘सायकलीने’ असे सहज म्हणतो. परंतु क्रियेची गरज पडली की ‘चेक करणे’, ‘सेव्ह करणे’ असा ‘करणे’चा टेकू घेतो. परत आलेला ‘शांपू’ही येथे नाम होऊनच राहिला आहे.

‘करणे’चा असा उपयोग परका आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. ‘विचार करणे’, ‘कबूल करणे’ ही रूपे जुनी व निर्दोष आहेत. ‘डाउनलोड करणे’ ही क्रियाच पूर्वी नव्हती. तिचे नाव आले, ही भाषेची मिळकतच आहे. हानी होते ती निराळ्या ठिकाणी. मराठी स्वयंपाकघरात भाजी चिरावी, मेथी खुडावी, सुपारी कातरावी, काकडी चोचवावी, नारळ खवावा. प्रत्येक क्रियेत हाताची हालचाल वेगळी, म्हणून शब्दही वेगळा. विळी जाऊन ओट्यावर सुरी आली आणि यांतील बहुतेक क्रिया ‘कट करणे’ या एकाच प्रयोगात जमा होऊ लागल्या. दिल्लीत वाढलेल्या माझ्या एका मराठी विद्यार्थिनीने ‘चिरणे’ आणि ‘कापणे’ यांत फरक काय, असे मला विचारले होते. तिच्या घरी विळी नव्हती. शब्द तरी कोठून असणार? तथापि सुरीनेही भाजी चिरता येतेच. वस्तूबरोबर शब्द गेलाच पाहिजे असा नियम नाही. तो आपल्या दुर्लक्षामुळे जातो.

शिवकालात ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला, विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीचा पुरस्कार केला. या प्रयत्नांचा भर पर्यायी शब्दांवर होता. आज मात्र केवळ नामांवर पहारा ठेवून भागणार नाही. नवा शब्द दिसताच त्याचे कूळ विचारण्यापेक्षा दोन प्रश्न विचारावेत: त्याने नवी वस्तू वा नवी क्रिया आणली काय? की असलेला भेद पुसून टाकला? पहिल्याचे स्वागत करावे, दुसऱ्याविषयी सावध राहावे.

‘गूगल’ हे कंपनीचे नाव २००६ साली ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात क्रियापद म्हणून दाखल झाले. मराठी तरुणांच्या हलक्याफुलक्या लेखनातही ‘गुगलणे’ असे रूप अधूनमधून आढळते. विद्वानांस ते हास्यास्पद वाटेल. परंतु ज्या प्रवृत्तीने एके काळी ‘खर्च’चे ‘खर्चणे’ केले, तीच येथे पुन्हा डोके वर काढीत आहे. तिला हसून गप्प बसविणे मराठीच्या हिताचे नाही.