अमानत आणि खियानत : सत्ता, मत आणि आपला हिशेब

हिजरी सन ८. मक्का शहर जवळजवळ रक्तपाताविना जिंकले गेले होते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी काबागृहाची चावी तिचे पिढीजात राखणदार उस्मान बिन तलहा (र.) यांच्याकडून मागवली, आत प्रवेश केला आणि मूर्ती हटवल्या. चावी आता प्रेषितांच्या हाती होती. अरबस्तानात त्या चावीपेक्षा मोठा मान दुसरा नव्हता, आणि तो मान आपल्याला मिळावा अशी इच्छा प्रेषितांच्या स्वतःच्या कुटुंबातूनच व्यक्त झाली. प्रेषितांनी मात्र उस्मान बिन तलहा यांना बोलावले आणि चावी त्यांच्याच हाती परत दिली. सूरह निसाची ५८वी आयत या प्रसंगाशी संबंधित असल्याचे कुरआनच्या भाष्यकारांनी नोंदवले आहे. अमानती त्यांच्या हक्कदारांच्या स्वाधीन करा आणि लोकांमध्ये न्यायाने निवाडा करा, असा आदेश त्या आयतीत आहे.

वाचकहो, या प्रसंगातला क्रम पाहा. विजेत्याच्या हाती सत्ता आली आणि पहिला प्रश्न उभा राहिला तो आपल्या माणसांना काय द्यायचे याचा. विजेत्याने विचारले ते वेगळेच : ही वस्तू कोणाची आहे? आज आपल्या शहरांत आणि देशात जे राजकारण आपण रोज पाहतो, त्याचा सगळा बिघाड या दोन प्रश्नांच्या मधल्या अंतरात आहे.

पद म्हणजे काय?

आदरणीय अबू जर (र.) यांनी एकदा प्रेषितांकडे एखाद्या पदावर नेमणूक मागितली. त्यांची निष्ठा आणि साधेपणा निर्विवाद होता. तरी प्रेषितांनी प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून नकार दिला. पद ही अमानत आहे, ती पेलण्याची ताकद हवी, आणि जो तिचा हक्क अदा करणार नाही त्याच्यासाठी ती अंतिम दिनी अपमान आणि पश्चात्ताप ठरेल, असे त्यांना समजावले. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपल्याला सांगते की नुसती नेकी पदासाठी पुरत नाही. सूरह कससमध्ये आदरणीय मूसा (अ.) यांना कामावर ठेवण्याची शिफारस करणारी मदयनची कन्या दोन गुण मोजते : ते समर्थ आहेत आणि विश्वासू आहेत. उमेदवार पारखण्यासाठी आजही याहून चांगली मोजपट्टी सापडणार नाही. समर्थ पण अविश्वासू माणूस खजिना लुटतो. विश्वासू पण असमर्थ माणूस तो दुसऱ्याला लुटू देतो.

जकात गोळा करण्यासाठी पाठवलेल्या इब्नुल लुतबिय्या यांचा प्रसंगही बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही ग्रंथांत आहे. परत आल्यावर त्यांनी मालाचे दोन भाग केले. एक सार्वजनिक कोषागाराचा, आणि दुसरा स्वतःला भेट म्हणून मिळालेला. प्रेषित मिंबरवर उभे राहिले आणि त्यांनी सर्वांसमोर विचारले की हा माणूस आपल्या आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्याकडे चालून आली असती काय? दिवाळीच्या किंवा ईदच्या निमित्ताने अधिकाऱ्याच्या दारात येणारी पेटी, नगरसेवकाच्या मुलाच्या लग्नात ठेकेदाराने उचललेला मंडपाचा खर्च, यांना हाच प्रश्न विचारून पाहा. खुर्ची गेल्यावर ही भेट येईल का? येणार नसेल, तर ती भेट नव्हे. ती खुर्चीची किंमत आहे, आणि खुर्ची त्याची नाही.

पक्षांतर आणि वचनभंग

१९६७ साली हरियाणातील गयालाल नावाच्या आमदाराने एका पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि आपल्या भाषांना ‘आयाराम-गयाराम’ हा शब्द मिळाला. १९८५ मध्ये ५२व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत दहावी अनुसूची आली आणि पक्ष सोडणाऱ्याचे सदस्यत्व रद्द होऊ लागले. परंतु एक तृतीयांश सदस्य एकत्र फुटले तर त्यांना अभय होते. २००३ च्या ९१व्या दुरुस्तीने ती पळवाट बंद केली. दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणाची वाट मात्र उघडी राहिली. नगरसेवकांसाठी महाराष्ट्रात १९८६ चा अपात्रतेचा स्वतंत्र कायदा आहे. तरीही २०२२ आणि २०२३ या लागोपाठच्या वर्षांत राज्याने दोन मोठे पक्ष फुटताना पाहिले आणि प्रकरणे विधानसभा अध्यक्ष, निवडणूक आयोग व सर्वोच्च न्यायालय यांच्या दारी गेली.

कोणता गट खरा आणि कोणता खोटा, हा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. आपल्याला तत्त्व पाहायचे आहे. माणसाचे मत बदलू शकते. इस्लाम त्याला मनाविरुद्ध बांधून ठेवत नाही. परंतु सूरह अनफालच्या ५८व्या आयतीत एक मर्यादा घातली आहे. ज्यांच्याशी करार आहे त्यांच्याकडून दगा होण्याची भीती असली, तरी आधी करार उघडपणे त्यांच्याकडे परत करा. अल्लाहला दगाबाज आवडत नाहीत. हा नियम युद्धातल्या शत्रूसाठी आहे. शत्रूशी केलेला करारसुद्धा न सांगता मोडता येत नसेल, तर ज्यांनी विश्वासाने मत दिले त्या मतदारांशी केलेला करार रात्रीतून कसा मोडता येईल? ज्याचे मन खरोखर बदलले आहे, त्याच्यापुढे सरळ मार्ग आहे. त्याने मतांवर मिळालेली जागा परत करावी आणि नव्या झेंड्यासह पुन्हा त्याच लोकांपुढे जावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. दुनियेच्या कायद्यात एकट्याने केलेला गुन्हा पुष्कळांनी मिळून केला की कधी कधी माफ होतो. सूरह मरयम सांगते की अंतिम दिनी प्रत्येक जण अल्लाहसमोर एकटा येईल. तिथे दोन तृतीयांशांची सवलत नाही.

विकले गेलेले मत

जुलै १९९३ मध्ये लोकसभेत नरसिंह राव सरकारविरुद्धचा अविश्वास ठराव फेटाळला गेला. पुढे काही खासदारांनी मतासाठी पैसे घेतल्याचा आरोप झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने ठरवले की लाच घेऊन सभागृहात त्याप्रमाणे मत दिलेल्या खासदाराला संसदीय विशेषाधिकाराचे संरक्षण आहे. देशाला ही भूमिका दुरुस्त करण्यासाठी पंचवीस वर्षांहून अधिक काळ लागला. ४ मार्च २०२४ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने तो निर्णय उलटवला आणि लाचेला कोणताही विशेषाधिकार झाकू शकत नाही, असे स्पष्ट केले.

खासदाराच्या मताबद्दल आपण संतापतो, ते योग्यच आहे. पण निवडणुकीच्या आदल्या रात्री आपल्या मोहल्ल्यात पाकीट फिरते, तेव्हा काय होते? अनेक उलेमांनी मताला शहादत म्हणजे साक्ष म्हटले आहे. अमुक मनुष्य या अमानतीस पात्र आहे, अशी ती साक्ष असते. पैसे घेऊन दिलेली साक्ष खोटी साक्ष ठरते, आणि देशाच्या कायद्यानेही मतासाठी पैसे घेणे हा देणाऱ्याइतकाच घेणाऱ्याचा गुन्हा आहे. ‘पैसे घेतले, पण मत मनासारखेच दिले’ असे सांगणारा दुहेरी फसतो. त्याने हराम घेतले आणि वचनही खोटे दिले. आपल्या बिरादरीचा म्हणून अपात्र माणसाला दिलेले मतही याच मोजपट्टीने मोजावे लागेल. सूरह निसाच्या १३५व्या आयतीत न्यायाची साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या किंवा नातलगांच्या विरुद्ध गेली तरी द्यावी, असा आदेश आहे.

शहराचे पाणी कोण पितो?

७४व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान मिळाले आणि बाराव्या अनुसूचीत त्यांच्यासाठी १८ विषय नोंदवले गेले. पाणीपुरवठा, रस्ते, सार्वजनिक आरोग्य, झोपडपट्टी सुधारणा, जन्ममृत्यूची नोंद, कब्रस्ताने आणि स्मशाने हे सारे त्यांत येते. म्हणजे जन्माच्या दाखल्यापासून दफनभूमीपर्यंत आपले आयुष्य ज्या कार्यालयाशी बांधलेले आहे, ते महापालिकेचे आहे. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर मुंबई महानगरपालिकेचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ निवडून आलेल्या प्रतिनिधींविना प्रशासकाकडे राहिला. ज्याला मतदाराकडे परत जायचे नाही, त्याच्याकडून हिशेब कोण मागणार?

आदरणीय शुऐब (अ.) यांनी आपल्या लोकांना मापात मारू नका म्हणून बजावले होते. रस्त्यात कमी डांबर आणि नाल्यात कमी सिमेंट घालून पूर्ण बिल घेणारा ठेकेदार मापातच मारतो, आणि त्या बिलावर सही करणारा त्याच तराजूची दांडी धरून असतो. त्याची किंमत पहिल्या पावसात वस्तीतली आई मोजते, मुलाला कडेवर घेऊन गटाराच्या पाण्यातून चालताना.

येथे एक भयंकर बाब आहे. माणसांचे हक्क म्हणजे हुकूकुल इबाद हे ज्याचे हक्क बुडवले त्याने माफ केल्याशिवाय सुटत नाहीत. एका शेजाऱ्याचे शंभर रुपये बुडवले, तर त्याच्या दारी जाऊन माफी मागता येते. सार्वजनिक पैशाचे मालक लाखो आहेत. हिंदू, मुस्लिम, जन्मलेले आणि अजून जन्मायचे. कोणाकोणाच्या दारी जाणार? म्हणून वीजचोरी, खोट्या दाखल्यावर घेतलेली योजना, ‘सरकारचा माल आहे’ म्हणून उचललेली वस्तू, या गोष्टी हलक्या समजू नका. हिजरतच्या रात्री प्रेषितांच्या घरी ज्या ठेवी होत्या, त्या त्यांच्या जिवावर उठलेल्या मक्कावासीयांच्या होत्या. त्या परत करण्यासाठी त्यांनी आदरणीय अली (र.) यांना मागे ठेवले. अमानत मालकाचा धर्म विचारत नाही.

आपल्या घरचा आरसा

दुसऱ्यांकडे बोट दाखवणे सोपे असते. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार देशात ४.९ लाखांहून अधिक नोंदणीकृत वक्फ होते, जमीन सुमारे ६ लाख एकर आणि बाजारमूल्य सुमारे १.२ लाख कोटी रुपये. वार्षिक उत्पन्न मात्र सुमारे १६३ कोटी रुपये. ही तफावत अतिक्रमणांमुळे आहे, दुर्लक्षामुळे आहे, आणि स्वस्त भाड्याने जागा वाटणाऱ्या आपल्याच काही विश्वस्तांमुळेही आहे. ज्या विधवेसाठी, ज्या विद्यार्थ्यासाठी पूर्वजांनी ती जमीन अल्लाहच्या नावे दिली, त्याचा हक्क आपल्याच माणसांनी खाल्ला असेल, तर मंत्रालयातल्या भ्रष्टाचारावर आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

मग काय करावे?

लाच देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा, दोघांचाही प्रेषितांनी धिक्कार केला आहे. कोणी विचारील, माझ्या हक्काचा कागदच अडवला तर? फुकहांनी (धर्मशास्त्रज्ञांनी) भेद केला आहे. दुसऱ्याचा हक्क मारण्यासाठी लाच देणे सर्वथा हराम. स्वतःचा हक्क मिळवण्यास दुसरा कोणताही मार्ग उरला नसेल, तर पुष्कळ फुकहांच्या मते पाप घेणाऱ्यावर राहते. २०१८ मध्ये सुधारलेला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदाही लाच देण्याला गुन्हा मानतो. सक्तीने द्यावी लागलेल्याने सात दिवसांत तक्रार केली तर त्याला सूट आहे. पण दुसरा मार्ग खरोखरच उरला नाही का, हे आधी प्रामाणिकपणे तपासा. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्कात अर्ज करता येतो आणि सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आपल्या गल्लीच्या रस्त्यावर किती खर्च झाला, एवढे विचारण्यापासून सुरुवात करा. बहुधा घाई आणि आळस यांनाच आपण ‘मजबुरी’ हे नाव देतो.

आदरणीय उमर (र.) अधिकाऱ्याची नेमणूक करताना त्याच्या संपत्तीची यादी करून ठेवत, असे इतिहासकार सांगतात. आज लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला संपत्तीचे आणि गुन्ह्यांचे शपथपत्र द्यावे लागते आणि ते कोणालाही वाचता येते. मत देण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी मिळून ते वाचा. मागच्या निवडणुकीतले शपथपत्र शेजारी ठेवून पाहा. आपल्या मशिदीचा आणि मदरशाचा वार्षिक हिशेब फलकावर लावण्याचा आग्रह धरा. आणि मुलांसमोर कधीही म्हणू नका की ‘दिल्याशिवाय काम होत नाही’. ते वाक्य ऐकून वाढलेले मूल उद्या खुर्चीवर बसेल, आणि समोरच्याकडून त्याच वाक्याची अपेक्षा करील.

अंतिम दिनी आपल्याला देशाच्या सर्व खजिन्यांचा हिशेब विचारला जाणार नाही. आपल्या हाती जे होते त्याचा विचारला जाईल : एक मत, एक सही, एक साक्ष, एखाद्या विश्वस्त मंडळाची चावी. काबागृहाची चावी हक्कदाराला परत करणाऱ्या प्रेषितांचे आपण अनुयायी आहोत. आपल्या हातची चावी कोणाची आहे, हे अल्लाह आपल्याला ओळखण्याची बुद्धी देवो आणि ती परत करण्याचे बळ देवो. आमीन.