ढगांवरचा धूर : उपग्रहाचं उत्तर कसं तपासतात?



"उपग्रहाने दाखवलंय म्हणजे खरंच असणार," असं मुलं सहज म्हणतात. पण उपग्रहाचं गणितही तपासावं लागतं. कसं, ते पाहू.

दरवर्षी साधारण जुलै ते ऑक्टोबरमध्ये आफ्रिकेच्या दक्षिण भागात शेतं आणि गवताळ रानं पेटवली जातात. धूर वाऱ्याबरोबर अटलांटिक महासागरावर जातो आणि तिथल्या बुटक्या पांढऱ्या ढगांच्या वर पसरतो.

अडचण इथेच आहे. गडद समुद्रावर धूर उजळ दिसतो, पांढऱ्या ढगावर मात्र काळपट. समुद्रावरचा धूर ऊन परत पाठवून थंडावा देतो. ढगावरचा धूर ऊन शोषून उष्णता वाढवू शकतो. म्हणजे माप चुकलं, तर हवामानाचा हिशोबही चुकतो.

म्हणून नासाने २०१६ ते २०१८ या काळात 'ओरॅकल्स' मोहीम राबवली. पहिल्या वर्षी नामिबियातून, नंतर साओ तोमे बेटावरून विमानं उडाली. विमान ढगाच्या वर, पण धुराच्या खाली न्यायचं. त्यावरचं यंत्र सूर्याकडे 'बघतं' आणि धुराने किती प्रकाश अडवला ते मोजतं. मग त्याच जागेचा, जवळपास त्याच वेळेचा उपग्रहाचा आकडा शेजारी ठेवायचा. धूर सरकत असतो, म्हणून जागा आणि वेळ जुळायलाच हवी.

वर्गात करून पाहा : बटर पेपरचा तुकडा आधी काळ्या, मग पांढऱ्या कागदावर ठेवा. तुकडा तोच, पण दिसतो वेगळा!

शेवटी मुलांना एवढंच विचारा : "हा आकडा कुणी, कशाने पडताळला?"